फायनलच्या दिवशी वायरमन

फायनलच्या दिवशी सकाळपासून
मला सगळे नावाने हाक मारतात.
एरवी मी ‘ओ लाईटवाले’.
आज ‘दिनानाथदादा, चहा घेऊन जा’,
आज इकबाल परकार विडीचे पैसे घेत नाही,
शेवंता पावसे कागदात गुंडाळून
चार सुके बोंबील देते, वर म्हणते,
‘तेवढी लाईट जाऊ देऊ नको रे बाबा.’
जशी काही लाईट मी खिशातून आणतो.

दुपारी दोनला मॅच सुरू झाली.
मी डीपीजवळ, काजूच्या सावलीत,
वायरीला टाँगटेस्टर लावून बसलो.
मला खेळ कळत नाही असं नाही.
पण पंचवीस वर्षांत एकही फायनल
शेवटापर्यंत डोळ्यांनी पाहिलेली नाही.
मी ती अँपिअरमध्ये पाहतो.

टॉसला आकडा चढतो.
ब्रेकमध्ये आणखी चढतो: मिक्सर,
ओल्या नारळाचं वाटण, पाण्याचे पंप,
दोन तास अडवून धरलेली कामं.
खेळ परत सुरू झाला की धप्पकन उतरतो.
कोणी जागचं हलत नाहीये,
मला इथे बसून कळतं.

आणि आमच्या वेसवीत विकेट तीनदा पडते.
आधी बंदरावर, जिथे केबल आहे.
मग वरच्या मोहल्ल्यात, छत्रीवाल्यांकडे, चार-पाच श्वासांनी.
सगळ्यांत शेवटी खाडीच्या चिखलात
होडीला डांबर लावत बसलेल्या रुपेशच्या मोबाईलमध्ये.
तो एकटाच ओरडतो,
तोवर गाव पुढच्या चेंडूवर गेलेलं असतं.
त्याचा आनंद शिळा आहे
हे त्याला कोणी सांगत नाही.

रात्री नऊ वाजून गेल्यावर,
अठरा चेंडू राहिले असताना,
सुर्व्यांच्या बागेतला एक झाप,
ना वारा ना काही,
आपणहून सुटला आणि तारांवर बसला.
फट्.
गाव एवढं काळं झालं
की खाडी दिसायला लागली.

मंडणगडला फोन केला, परमिट द्या.
ऑपरेटर म्हणाला, ‘ही ओव्हर होऊ दे.’
म्हटलं, ‘साहेब, आमच्याकडे ओव्हरच नाहीये.’

पोलवर चढलो. खाली बॅटऱ्या घेऊन
चाळीस-पन्नास माणसं, एक शब्द नाही.
एवढी माझ्या वडलांना पोचवायलाही नव्हती.
जंपर बांधताना पलीकडून,
बागमांडल्याहून, आवाज आला.
त्यांचा जिल्हा वेगळा, फीडर वेगळा, लाईट शाबूत.
मोठा आवाज, पण पाण्यावरून येताना
त्याच्या कडा झिजलेल्या.
आनंदाचा की हाय खाल्ल्याचा, ओळखता येईना.
खालून नजमाबी ओरडली,
‘काय झालं रे? तुला वरून दिसतंय ना?’

मी खरंच बघितलं.
पलीकडे निळ्या खिडक्या,
धक्क्याला बांधलेली रिकामी फेरीबोट.
वाटलं, ह्यात बघण्यासारखं असतं ते हेच असणार:
नळाला पाणी कधी, पोरीची फी, गुडघा,
ज्याचं त्याचं सगळं
एका चेंडूमागे रांगेत उभं राहतं,
निमूट,
पाळी येईपर्यंत.

लाईट दिली. गाव पळालं.
पोलखाली तीन चपला राहिल्या
आणि कोणाची तरी काठी.

टाँगटेस्टर लावला.
आकडा जरा वेळ वर थांबला,
मग उतरायला लागला, सावकाश, घर घर करून.
जिंकल्यावर तो असा उतरत नाही.

तेवढ्यात चिखलातून रुपेश ओरडला,
‘दादा, अजून चान्स आहे!’
नेट अडकून अडकून
त्याची मॅच पुष्कळ मागे पडलेली.
शेवटची ओव्हर बाकी होती त्याच्याकडे.

मी हातमोजे काढले,
होडीच्या काठावर, डांबर चुकवून बसलो.
म्हटलं, दाखव.